पडद्यावरची ऑर्डर : घाबरायचं नाही, घाई करायची नाही



आजचा विषय खाण्याचा आहे, पण पाककृतीचा नाही. बर्गर-पिझ्झा मिळणाऱ्या मोठ्या दुकानांत हल्ली आत शिरल्यावर माणसाच्या उंचीचा एक पडदा उभा दिसतो. त्यावर पदार्थांची चित्रं असतात. बोट लावून पदार्थ निवडायचा, पैसे भरायचे आणि नंबर घेऊन थांबायचं. या यंत्राला कियॉस्क म्हणतात. मुलं टकाटक बोटं चालवून मोकळी होतात. आपल्यातल्या कितीजणी मात्र टेबल पकडून बसतात आणि जे येईल ते खातात. म्हणून आज हे यंत्र काय करतं, ते कसं वापरायचं आणि कुठे जपायचं, ते बघू या.

आपलं आपण घेण्याची पद्धत मुंबईला नवी नाही. ‘सेल्फ सर्व्हिस’ची पाटी लावलेल्या उडपी हॉटेलात आपण गल्ल्यावर आधी पैसे भरतो, कुपन घेतो आणि ते दाखवून इडली-वडा उचलतो. अमेरिकेत मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये असंच केलं. त्याआधी त्यांचं गिऱ्हाईक गाडीतच बसून राही आणि कामाला ठेवलेल्या मुली तिथे खाणं नेऊन देत. भावांनी त्या मुलींचं काम बंद केलं, गिऱ्हाइकाला खिडकीपाशी यायला लावलं, पदार्थ मोजके ठेवले आणि भाव उतरवले. हीच कंपनी १९९६ मध्ये भारतात आली. मुंबईतलं तिचं पहिलं दुकान वांद्र्याला निघालं. तिथे आपला ट्रे आपणच उचलायचा असतो, हे आपण शिकलो. तरी ऑर्डर घ्यायला काउंटरमागे कुणीतरी होतं. कियॉस्क आला आणि तेही काम आपल्याकडे आलं.

म्हणजे काम संपलेलं नाही, ते फक्त काउंटरच्या अलीकडे आलं आहे. काउंटरवरच्या मुलीने ऑर्डर चुकीची टिपली तर ती तिची चूक. पडद्यावर बोट चुकलं तर ते आपल्या माथी. दुकानाचं काम आपण करतो आहोत, तर ते सावकाश आणि नीट करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. हे एकदा मनाशी पक्कं केलं की अर्धी भीती जाते.

आता क्रमाने बघू. सुरुवातीला पडद्यावर कुठेही बोट टेकवा. भाषा निवडायची सोय असेल तर ती बहुधा इथेच दिसते. मग ‘इथे खाणार की घरी नेणार’ असा प्रश्न येतो. पुढे पदार्थांचे गट येतात. शाकाहारीसाठी हिरवी खूण बघा. पदार्थावर बोट लावलं की बऱ्याच ठिकाणी कांदा नको, सॉस नको असंही सांगता येतं. चतुर्थीला किंवा श्रावणात कांदा-लसूण न खाणाऱ्यांना ही सोय चांगली आहे. हवं ते निवडून झालं की सगळी यादी आणि एकूण रक्कम दिसते. या पडद्यावर थांबा आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचा. नको असलेला पदार्थ इथे काढता येतो. पैसे भरेपर्यंत काहीही बदलता येतं, सगळं रद्दही करता येतं.

पैसे भरताना पडद्यावर चौकोनी क्यूआर येतो. तो आपल्या फोनने स्कॅन करायचा, दुकानाचं नाव आणि रक्कम तपासायची आणि मगच पिन टाकायचा. यूपीआयचा पिन फक्त आपल्या फोनवर टाकायचा, कियॉस्कच्या पडद्यावर कधीच नाही. खात्यातून पैसे गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. फोनवरचा संदेश घेऊन काउंटरवर जा. सगळं नीट झालं की पावतीवर नंबर मिळतो आणि तीच ऑर्डर आत स्वयंपाकघरातल्या पडद्यावर उमटते. आपला नंबर लागला की ट्रे घ्यायचा.

बटव्यात रोखच असेल तर? बरेच कियॉस्क नोटा घेत नाहीत. काही ठिकाणी ‘काउंटरवर पैसे भरा’ असा पर्याय असतो. तो दिसला नाही तर सरळ काउंटरवर जाऊन विचारा. त्यात कमीपणा काही नाही.

आमच्या गटातल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. त्यांना भीती यंत्राची नसते, पाठीमागच्या रांगेची असते. कुणीतरी ‘चला ना लवकर’ म्हणेल, हसेल, ही धास्ती. यंत्र स्वतः चिडत नाही. बराच वेळ बोट लावलं नाही तर ‘अजून वेळ हवा का’ एवढं विचारतं. ‘हो’ म्हणायचं. पडदा बंद झाला तरी पैसे भरलेले नसतात, त्यामुळे नुकसान नाही.

दादर-परळच्या स्टेशनावर हे आपण पाहिलेलं आहे. रेल्वेने तिकिटाची यंत्रं बसवली, ती एटीव्हीएम, तेव्हाही बायका म्हणायच्या, आपण आपल्या खिडकीच्या रांगेतच बऱ्या. मग रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांना कमिशनवर त्या यंत्रांजवळ उभं केलं. ‘दादर टू ठाणे रिटर्न’ म्हटलं की काका तिकीट काढून देत. बघता बघता कितीतरी जणी शिकल्या. यंत्र अंगवळणी पडलं ते शेजारी माणूस उभा होता म्हणून. खाण्याच्या दुकानांनाही आपण हेच सांगायला हवं : पडदा ठेवा, पण गर्दीच्या वेळी त्याच्याजवळ एक माणूस ठेवा.

भाषेचंही तसंच. २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान-मोठ्या सगळ्या दुकानांची पाटी मराठीत हवी, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा कायदा आहे. पण पाटी मराठी आणि आतला पडदा इंग्रजी, तर लालबागच्या आजीला त्या पाटीचा उपयोग काय? दुकानात अभिप्रायाची वही किंवा क्रमांक असेल तर ‘पडद्यावर मराठी हवी’ असं लिहून या. एकीने लिहिलं तर वाचलं जाणार नाही, पन्नासजणींनी लिहिलं तर वाचावं लागेल.

आता जपायच्या जागा. पहिली, कॉम्बो. एक बर्गर निवडला की लगेच ‘मोठा करायचा का, सोबत बटाटा घ्यायचा का, थंड पेय घ्यायचं का’ असे पडदे येतात. माणूसही विचारतो, पण त्याला ‘नको’ म्हणून मोकळं होता येतं. पडद्यावर ‘हो’चं बटण मोठं आणि रंगीत असलं, तर ‘नको’ शोधावं लागतं. शोधा, ते असतंच.

दुसरी, न मागता यादीत आलेली वस्तू किंवा देणगी. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून खरेदीत काही घुसवणं त्यांत अनुचित ठरवलं आहे. दान द्यायचं तर आपल्या मनाने द्यावं, आधीच लावून ठेवलेल्या खुणेमुळे नव्हे.

तिसरी, बिल. जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क मात्र आपोआप लावता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं आहे.

चौथी, मोबाइल नंबर. नंबर दिल्याशिवाय बिल नाही, अशी सक्ती दुकानदारांनी करू नये, अशी सूचना ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दिली आहे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हा क्रमांक लिहून ठेवा.

एक फायदाही सांगते. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या खाद्यदुकानांनी प्रत्येक पदार्थातल्या कॅलरी दाखवायच्या, हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. घरात कुणाला मधुमेह असेल तर तो आकडा जरूर बघा.

राहिला रोजगाराचा प्रश्न. आपल्या चाळींतल्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी अशा काउंटरवरच होते. कॉलेज सांभाळून चार पैसे मिळतात आणि अनोळखी माणसाशी बोलायचं धाडस येतं. कियॉस्क आल्यावर यातली काही मुलं आत स्वयंपाकघरात जातात किंवा टेबलापर्यंत ट्रे पोचवतात. पण ऑर्डर घ्यायला लागणारे हात कमी होतात, हे नाकारून चालणार नाही. मुलींना एवढंच सांगेन की काउंटरवर लागलात तर तिथेच थांबू नका. साठा, हिशेब, शिफ्ट लावणं शिकून घ्या.

गिरणगावात हे काम आपल्या आज्या करायच्या. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना कुणाला तिखट चालत नाही, कुणाचा गुरुवार आहे, हे तोंडपाठ असायचं. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ती ओळख हेच त्या धंद्याचं भांडवल होतं. आपल्या बचत गटांनी हे विसरू नये. स्टॉलवर क्यूआर जरूर लावा, पण भाव मराठीत मोठ्या अक्षरात लिहा, रोख घ्या, सुटे ठेवा आणि ‘तिखट चालेल ना ताई?’ हे तोंडाने विचारा.

आणि एक गृहपाठ. गटातल्या चौघीजणी मिळून दुपारच्या निवांत वेळी अशा एखाद्या दुकानात जा. सगळ्यांत स्वस्त पदार्थ निवडा आणि प्रत्येकीने आपली ऑर्डर आपल्या बोटाने करा. एकीने करायची, तिघींनी नुसतं बघायचं, मध्ये बोट घालायचं नाही. मासिक सभेत काय जमलं, काय अडलं ते सांगा. अडलेलं सगळं लिहून काढू आणि त्या दुकानाच्या व्यवस्थापकाला गटाच्या वतीने पत्र देऊ.