अध्ययन आणि सेवाधर्म : फादर स्टीफन्स यांचे उदाहरण

कॅथलिक संन्यस्त जीवनात अध्ययन हे वैयक्तिक विद्वत्तेचे भूषण नसून सेवाधर्माचे अंग मानले जाते. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या कार्यात याचा प्रत्यय येतो. नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती. पुराणश्रवणाची ओढ मात्र सुटली नव्हती. ती भागवायची तर बोली अवगत असणे पुरेसे नव्हते. ओवी, पुराणरचना आणि श्रोत्यांची अभिरुची यांचा अभ्यास आवश्यक होता. १६१६ मध्ये राशोल येथे मुद्रित झालेले ‘क्रिस्तपुराण’ हे त्या अभ्यासाचे फळ होय. त्यांचे कोकणी व्याकरण १६४० मध्ये, मरणोत्तर, प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषेच्या त्यागाचाच आग्रह धरला. श्रोत्याची भाषा शिकणे हीच सेवेची पहिली पायरी, ही स्टीफन्सप्रणीत दृष्टी त्यात नाकारली गेली.