बारावीनंतर फिजिओथेरपी : माणसाला पुन्हा उभे करणारा पेशा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या घरांत ठरावीक बोलणी सुरू होतात. मुलगा हुशार असेल तर डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. गुण कमी पडले तर मामाच्या ओळखीने दुबई-कुवेत. मुलगी असेल तर डीएड, बीएड किंवा नर्सिंग. या यादीत फिजिओथेरपीचे नाव क्वचितच निघते. निघाले तरी लगेच कुणीतरी विचारते, "म्हणजे मालिशच ना?"

खरे तर या पेशाची गरज आपल्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या नांदगावसारख्या गावात आंब्याच्या झाडावरून पडलेला तरुण सापडतो, लकवा मारलेले आजोबा सापडतात, गुडघ्यांमुळे खुर्चीवर बसून नमाज पढणारी दादी तर घरटी एक असते. देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर गेलात तर जाळी ओढून ओढून खांदा धरलेले मच्छीमार भेटतील. ऑपरेशन होते, प्लास्टर निघते, गोळ्या संपतात आणि माणूस घरी येतो. पण हात वर जात नाही, पाय उचलत नाही. "आता अल्लाची मर्जी" म्हणून घरचे गप्प बसतात. दुआ करावीच, पण जे शिकलेल्या हातांनी आणि नेटाच्या व्यायामाने परत मिळू शकते, ते सोडून का द्यावे?

एका आईची जिद्द

या कामाची महाराष्ट्रातली सुरुवात आठवायची तर एका मुस्लिम आईचे नाव घ्यावे लागते. मुंबईच्या फातेमा इस्माईल यांच्या लहानग्या लेकीला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओ म्हणजे जन्माचे अपंगत्व, असेच लोक धरून चालत. फातेमाबेन स्वस्थ बसल्या नाहीत. लेकीला घेऊन त्या उपचारासाठी मद्रासपर्यंत गेल्या. नेमाने उपचार आणि व्यायाम केला तर फरक पडतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. मग आपल्या मुलीपुरते न थांबता 1947 मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र सुरू केले. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची मोठी संस्था आणि हाजीअलीचे मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. 1958 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मुंबईतच 1953 मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण सुरू झाले. देशातले हे पहिले विद्यालय. आज पोलिओ देशातून गेला. 2014 मध्ये तसे प्रमाणपत्रही मिळाले. पण लकवा, अपघात, मधुमेह आणि म्हातारपण वाढले. काम संपले नाही, त्याचे रूप बदलले.

हे काम असते तरी काय?

फिजिओथेरपिस्ट आधी तपासतो, मग उपचार ठरवतो. सांधा किती अंश वाकतो, हे गोनिओमीटर नावाच्या कोनमापकासारख्या साधनाने मोजतो. स्नायूची ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत लिहितो. रुग्ण कसा चालतो, कुठे तोल जातो, ते बघतो. मग व्यायाम, हाताने केलेले उपचार, गरजेप्रमाणे शेक किंवा विजेची यंत्रे. यात मुख्य औषध व्यायामच. यंत्र त्याच्या मदतीला.

क्षेत्रे अनेक आहेत. लकव्यानंतर मेंदूला हालचाल नव्याने शिकवावी लागते. त्यासाठी एकच कृती शेकडो वेळा करून घ्यावी लागते. अतिदक्षता विभागात छातीतला कफ मोकळा करून श्वास सुधारणे हेही याच पेशाचे काम. चालायला उशीर लागणारी बाळे, भाजलेले रुग्ण, बाळंतपणानंतर कंबर धरलेल्या बाया, खेळाडू, सगळे इथे येतात.

चांगला थेरपिस्ट रुग्णाला विचारतो, "तुम्हाला परत काय करता यायला हवे?" कुणाला सजद्यात जायचे असते, कुणाला भाकरी थापायची असते, कुणाला होडीवर चढायचे असते. उपचाराचे ध्येय तिथून ठरते.

मालिश आणि फिजिओथेरपी यांतला फरक कळण्यासाठी एकच उदाहरण पुरे. मुलाच्या कोपराला मार लागला की आपल्याकडे गरम तेल लावून जोरजोरात चोळतात. अशा चोळण्याने कोपराभोवतीच्या स्नायूत हाड तयार होऊन हात कायमचा आखडू शकतो. कुठे हात लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे कळायला शिक्षण लागते.

आपल्या मुली या पेशात हव्यात

हा उपचार अंगाला हात लावून, कधी कपडे सैल करून करावा लागतो. आपल्या कितीतरी बाया पुरुष थेरपिस्टकडे जायला संकोचतात आणि दुखणे अंगावर काढतात. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. अशा बाईला केस विंचरणेही जमत नाही. तिला तालुक्याच्या गावी एखादी शिकलेली मुलगी भेटली, तर ती मोकळेपणाने सगळे सांगेल. लग्नानंतरही हा इल्म वाया जात नाही. स्वतःचा छोटा दवाखाना काढता येतो, घरी जाऊन उपचार करता येतात, वेळ आपल्या सोयीने ठरवता येते.

प्रवेशाची वाट

पदवीचे नाव बीपीटीएच. अकरावीलाच विज्ञान शाखेत जीवशास्त्र घ्यावे. फक्त गणित घेऊन जीवशास्त्र सोडले, तर ही वाट बंद होते. दुसरी गोष्ट, नीट परीक्षा. "आपल्याला एमबीबीएस करायचेच नाही, मग नीट कशाला?" असे म्हणून मुले अर्जच भरत नाहीत आणि वर्ष हातचे जाते. महाराष्ट्रात बीपीटीएचचा प्रवेशही नीटच्या आधारे, राज्य सीईटी कक्षामार्फत होतो. दरवर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. नियम बदलत असतात.

अभ्यासक्रम आजवर सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा होता. 2021 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यात एक वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षे धरली आहेत. त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. मुंबईत केईएम, पुण्यात आझम कॅम्पसचे एम. ए. रंगूनवाला महाविद्यालय ही नावे लक्षात ठेवा. कराड आणि बेळगावला अभिमत विद्यापीठांची महाविद्यालये आहेत. त्यांची प्रवेशप्रक्रिया आणि शुल्क वेगळे.

पालकांनी हेही ध्यानात घ्यावे

सरकारी जागा थोड्या, खाजगी शुल्क जड. म्हणून प्रवेशाआधीच महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या पाहून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. सुरुवातीचा पगार फार नसतो. अनुभव आणि विश्वास वाढला की बरकत येते. काम अंगमेहनतीचे आहे, दिवसभर उभे राहावे लागते. परदेशात संधी आहेत, पण बहुतेक देशांत तिथली परवाना परीक्षा द्यावी लागते. आणि "सहा महिन्यांत फिजिओथेरपिस्ट व्हा" अशा जाहिरातींपासून दूर राहा. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की मान्यताप्राप्त अभिमत विद्यापीठाचे, एवढे तपासाच.

मुलांनो, ठरवण्याआधी एक दिवस जवळच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन बसा. तिथे मोठे चमत्कार दिसणार नाहीत. काल तीन पावले टाकणारा म्हातारा आज पाच टाकतो, इतकेच दिसेल. त्या दोन पावलांचा आनंद तुम्हाला स्वतःचा वाटला, तर हा पेशा तुमच्यासाठी आहे.