पाय दुबळे, तरी कसरत हवी

शार्को-मारी-टूथ हा आजार काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालतो. १८८६ साली फ्रान्स व इंग्लंडमधील तिघा डॉक्टरांनी तो नीट मांडला. त्यांचेच हे नाव. यात मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारे मज्जातंतू दुबळे होतात. पोटऱ्या बारीक होतात, पाऊल लोंबते, बाई ठेचकाळते. ही बाधा नव्हे. सुनेचा दोषही नव्हे; आजार बापाकडूनही येतो.

मग बाईने निजून राहावे काय? नाही. निजून उरलेला जोरही जातो. घरकामाने दमणे म्हणजेही कसरत नव्हे. डॉक्टरांना विचारून रोज थोडी कसरत करावी. खुर्चीवरून हळू उठावे-बसावे, भिंतीला धरून पोटरी ताणावी, फार थकण्याआधी थांबावे. आजार जाणार नाही. पण बळ टिकायला मदत होईल. तेवढा वेळ घरच्यांनी तिला द्यावा, एवढेच आम्ही सांगतो.