विश्लेषण : चार वाजताच सुटी, तरी सोबतीला कुणी नाही! जपानमध्ये इंग्रजी शिकवणारे एकटे का पडतात?

जपानमधील सरकारी शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेल्या परदेशी तरुणाचे सुरुवातीचे दिवस धावपळीचे असतात. घर, बँकेचे खाते, मोबाइलचे सिम, नगरपालिकेतली नोंदणी या सगळ्यासाठी शिक्षण मंडळातले कुणीतरी सोबत येते. मग ही कामे संपतात आणि एखाद्या रविवारी लक्षात येते, की शुक्रवारपासून आपण दुकानातल्या कॅशिअरखेरीज कुणाशीही बोललेलो नाही. पगार वेळेवर, गाव स्वच्छ, मुले गोड. अडचण असते ती शाळेबाहेरच्या आयुष्याची.

नेमके कोण जातात, कुठे जातात?

यातला मोठा मार्ग म्हणजे जपान सरकारची ‘जेट’ योजना. ती १९८७ मध्ये सुरू झाली. परदेशी पदवीधर ‘सहायक भाषा शिक्षक’ म्हणजेच एएलटी होऊन स्थानिक शाळांत काम करतात. करार एका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो. भारतीयही या योजनेतून जातात, पण त्यांची संख्या अगदी थोडी. अर्जात पसंतीचे ठिकाण लिहिता येते, ते मिळेलच याची हमी नसते. टोकियो मागावे आणि शिमाने मिळावे, असेही होते. शिमाने प्रांतात बुलेट ट्रेनचे एकही स्थानक नाही. टोकियोहून रात्री निघणारी ‘सनराइज इझुमो’ तिथे पोहोचायला साधारण १२ तास घेते.

दुसरा मार्ग खासगी संभाषण वर्गांचा. त्यांना जपानीत ‘एइकाइवा’ म्हणतात. हे वर्ग बहुधा शहरांत, स्टेशनजवळ असतात.

वेळापत्रक का आड येते?

एकटेपणाचा दोष बहुतेक जण स्वतःच्या स्वभावाला किंवा कच्च्या जपानीला देतात. दोन्ही गोष्टींचा परिणाम होतोच, पण आधी घड्याळ बघायला हवे. जेटच्या शिक्षकाचा आठवडा साधारण ३५ तासांचा. तो दुपारी चार-सव्वाचारला मोकळा होतो, तेव्हा त्याचे जपानी सहकारी मुलांच्या क्रीडा आणि कला मंडळांत अडकलेले असतात. ते घरी जातात अंधार पडल्यावर. एइकाइवाचे बरोबर उलटे. ऑफिस आणि शाळा सुटल्यावर तिथे विद्यार्थी येतात, त्यामुळे काम रात्री नऊपर्यंत चालते. शनिवार-रविवारी गर्दी असल्याने सुटी अनेकदा आठवड्याच्या मधल्या दिवसांत मिळते. म्हणजे एकजण सगळे कामात असताना मोकळा आणि दुसरा सगळे मोकळे असताना कामात.

खेड्यात यात वाहनाची भर पडते. शेवटची बस संध्याकाळीच गेली, की ओळखीपाळखी तिथेच थांबतात. भारतातून नेलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये वर्षभरच चालतो, पुढे परीक्षा द्यावी लागते.

शाळेतले सहकारी मित्र होत नाहीत का?

होतात, पण हळूहळू. अनेक एएलटी आठवड्यात तीन-चार शाळा फिरतात, त्यामुळे कोणत्याच शिक्षक खोलीत ते पुरते रुळत नाहीत. ‘नोमिकाई’ म्हणजे सहकाऱ्यांच्या मेजवान्या. एप्रिलमध्ये स्वागताची, डिसेंबरमध्ये वर्षअखेरची, मार्चमध्ये निरोपाची. तिथे एरवी गप्प असणारे शिक्षक मोकळे बोलतात. दारू न पिणाऱ्याने ऊलाँग चहाचा ग्लास उचलून ‘कानपाई’ म्हटले तरी चालते. शाकाहारी माणसाची पंचाईत मात्र खरी. भाजीच्या रश्श्यातही सुक्या माशाचा अर्क असतो. त्याला ‘दाशी’ म्हणतात. याची कल्पना आयोजकाला आधीच द्यावी, ऐन जेवणाच्या वेळी नव्हे.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुन्हा औपचारिक नमस्कार. काल रात्रीचा मोकळेपणा कुणी आठवणही करून देत नाही. यात राग मानण्यासारखे काही नाही, तिथली रीतच तशी आहे. खरा धक्का मार्चअखेरीस बसतो. सरकारी शाळांतल्या शिक्षकांच्या ठरावीक वर्षांनी बदल्या होतात, त्याची घोषणा तेव्हाच होते आणि जमलेली ओळख एप्रिलमध्ये दुसऱ्या गावी निघून जाते.

मैत्रीचा हिशेब काय सांगतो?

अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नुकतेच नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांचाही त्यात समावेश होता. त्यांच्या अंदाजानुसार ओळखीची वरवरची मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवलग होण्यासाठी २०० हून अधिक तास सोबत घालवावे लागतात. एकत्र काम करताना गेलेले तास या खात्यात फारसे जमा होत नाहीत, हेही त्यात दिसले.

हे आकडे जेटच्या कराराला लावून पाहता येतात. आठवड्याला दोन तास एखाद्या गटासोबत घालवले, तर ५० तासांना सहा महिने लागतात. वर्षभरात होतात १०४ तास. म्हणजे एका करारात मैत्रीपर्यंत पोहोचता येते, जिवलगापर्यंत नाही. त्याला दोन वर्षे हवीत. ‘सहा महिने झाले, अजून कुणी जवळचे नाही’ ही तक्रार म्हणूनच अपयशाची खूण नव्हे.

हे तास मिळतात कुठे?

जपानमध्ये ‘कधीतरी भेटू’ला फार अर्थ नसतो. तिथे लोक भेटतात ते गटात, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. जवळपास प्रत्येक गावात ‘कोमिंकान’ म्हणजे सार्वजनिक सभागृह असते. तिथे सुलेखन, बॅडमिंटन, तायको ढोल, स्वयंपाक असे वर्ग माफक शुल्कात चालतात. नगरपालिकेच्या वार्तापत्रात त्यांची यादी येते. मजकूर जपानीत असला तरी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचता येतो. स्वयंसेवकांचे जपानी भाषेचे वर्ग हा आणखी एक सोपा रस्ता. शहरात ‘पार्करन’ आहे : २०१९ पासून जपानमध्ये सुरू झालेली, शनिवारी सकाळी आठची, पाच किलोमीटरची मोफत धाव. पुढचा सगळा संपर्क ‘लाइन’ या अ‍ॅपवर होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर राहिलेल्याला बेत ठरल्याचे कळतच नाही.

‘इंग्रजी गप्पांचा गट’ सर्वात आधी सापडतो, पण तिथे सावध राहावे. लोक प्रेमळ असतात, मात्र त्यांना सराव हवा असतो आणि शिक्षकाची नोकरी संध्याकाळीही सुरूच राहते, तीही बिनपगारी. ढोलाच्या वर्गात तो शिकाऊ असतो, चुकतो, शेजारचे आजोबा हात धरून ताल दाखवतात. तिथे त्याच्या इंग्रजीची कुणाला गरज नसते.

परदेशी मित्र किंवा मराठी मंडळी पुरेशी नाहीत का?

आधार म्हणून नक्कीच. अडीअडचणीला रात्री फोन करता येईल अशी माणसे आधी तिथेच मिळतात. पण जेटचे करार बहुतांशी उन्हाळ्यात संपतात आणि कंपूतले निम्मे जण एकाच महिन्यात विमान पकडतात. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो. एदोगावा वॉर्डातील निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. याच वॉर्डात मूळ भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये नगरसेवक म्हणून निवडून आले. शिमानेतल्या शिक्षकासाठी मात्र हे सारे वर्षातून एखादी सहल एवढेच.

सर्वात अवघड काळ कोणता?

जेटचे बहुतेक शिक्षक जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये येतात. शाळेला उन्हाळी सुटी असते, शिक्षक खोली अर्धी रिकामी. ऑगस्टच्या मध्यावर ‘ओबोन’साठी लोक आपापल्या मूळ गावी जातात. नववर्षालाही तेच. जपानी माणसांनाही एकटेपणा चुकलेला नाही. सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंत्री नेमला आणि एप्रिल २०२४ पासून कायदाही लागू झाला.

करार पुढे वाढवायचा का, याचे उत्तर शिक्षकाला साधारण जानेवारी-फेब्रुवारीत द्यावे लागते. ऑगस्टमध्येच गटात जायला लागलेल्याचे तोवर जेमतेम ५० तास भरलेले असतात. ‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ’ म्हणत नोव्हेंबर उजाडलेल्याचे २५ही नाहीत.