तराफा पाण्यात कुठून सोडायचा?

आपल्या पारशिवनीपासून समुद्र लांब, पण पेंच नदीवरचं नवेगाव खैरी धरण तालुक्यातच आहे. तिथल्या उथळ काठावर मी एकदा फसलो, म्हणून आज हा विषय.

परवानगी घेऊन पिंपांचा तराफा सोडला, तोही मस्त सपाट काठावरून. दुसऱ्या दिवशी बघतो तर तराफा गाळात, पाणी लांब! कारण सोपं आहे. वरच्या तोतलाडोहात वीज तयार करून सोडलेलं पाणी इथे येतं आणि इथून कालव्यांना, नागपूरला जातं. त्यामुळे पातळी वरखाली होते.

आता हिशोब बघा. 50 फुटांत 1 फूट उतार असेल, तर पाणी फूटभर उतरलं की काठ 50 फूट मागे जातो. 8 फुटांत 1 फूट उतार असेल, तर फक्त 8 फूट.

म्हणून आधी काठी टोचत चाला. काठी रुतली तर जागा सोडा. मुरूम लागला तर थांबा. समोरून वारा येत असेल तर आडोसा शोधा. आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तराफ्यावर पाय ठेवू नका, पाणी गुडघाभर दिसलं तरी!