शिट्टी वाजली नाही, मग गोल कसा?

सामना संपला की खेळाडू घरी जातात, भांडण मागे राहते ते बघणाऱ्यांचे. कबड्डीचे मैदान असो की कुस्तीचा फड, पंचाचा हात वर गेला की निम्मे लोक टाळ्या वाजवतात आणि निम्मे शिव्या देतात, हे तुम्हाला सांगायला नको. फुटबॉलचे तर विचारूच नका. तुमच्या घरातली पोरे रात्री जागून टीव्हीवर सामने बघत असतील, तर सकाळी धारा काढताना त्यांचा वाद तुमच्या कानावर पडलाच असेल. "रडीचा डाव खेळले," एकजण म्हणतो. "नियमात बसतंय, मग रड कसली?" दुसरा म्हणतो. तिसरा तर पंचालाच विकून मोकळा होतो.

या वादात निरनिराळ्या गोष्टी एकाच सुपात पडलेल्या असतात. ते सूप आज जरा पाखडून पाहू. उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातलेच घेऊ.

३ मार्च २०२३ ची रात्र. बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना होता, बंगळूर विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. हरेल तो घरी जाणार. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही म्हणून अर्ध्या तासाचा जादा वेळ सुरू झाला. तो सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, इतक्यात केरळच्या गोलजवळ बंगळूरला फ्री किक मिळाली. आपल्याला ठाऊकच आहे, अशा वेळी बचाव करणारे चार-पाच गडी खांद्याला खांदा लावून भिंत करतात. केरळचा गोलरक्षक तीच भिंत रचण्यात गुंतला होता. तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू अलगद उचलून मोकळ्या गोलात टाकला. पंचाने गोल दिला.

मग काय विचारता! केरळचे खेळाडू पंचाभोवती जमले. त्यांचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच मैदानात आले आणि त्यांनी सगळा संघ बाहेर बोलावून नेला. पंचाने वाट पाहिली, शेवटी सामना संपला आणि बंगळूर विजयी ठरले. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने केरळच्या संघाला ४ कोटी रुपये दंड केला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी घातली. सामना पुन्हा खेळवा ही केरळची मागणी फेटाळली गेली.

समर्थकांचा मुद्दा एकच होता. शिट्टी वाजली नाही, मग गोल कसा?

आता नियम काय म्हणतो ते पाहा. फ्री किक घ्यायला दर वेळी शिट्टी लागते असे मुळीच नाही. ज्या संघावर अन्याय झाला, त्याला चेंडू जमिनीवर स्थिर ठेवून लगेच मारता येतो. समोरच्यांनी ९.१५ मीटर, म्हणजे दहा यार्ड, मागे असावे हा नियम फ्री किक घेणाऱ्याच्या फायद्यासाठी आहे. तो फायदा त्याला नको असेल तर त्याने थांबण्याचे कारण नाही. मुद्दाम आडवे उभे राहून त्याला लगेच मारू दिले नाही, तर आडव्या येणाऱ्यालाच पिवळे कार्ड मिळते. भिंत रचायला वेळ मिळणे हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नव्हेच. ज्याची गुरे आपल्या पिकात शिरली त्यानेच "थांबा, आधी मला कुंपण घालू द्या, मग नुकसान मोजा" म्हणावे, तशातला तो प्रकार होईल.

मात्र याला एक पुरवणी आहे आणि वादाची खरी गाठ तिथेच बसते. अंतर मोजून द्या असे फ्री किक घेणाऱ्याने म्हटले, किंवा पंच स्वतः भिंत मागे सरकवू लागला, कुणाला कार्ड दाखवू लागला, की मग शिट्टी होईपर्यंत थांबावेच लागते. छेत्रीने नंतर सांगितले, की मला शिट्टीही नको आणि भिंतही नको, असे मी पंचाला आधीच म्हणालो होतो. केरळच्या बाजूचे लोक म्हणत होते, की पंच आमच्या गड्याला मागे सरायला सांगत होता, म्हणजे थांबायचे ठरलेच होते. हा झाला कामाचा वाद. यात पंच काय बोलला, कधी बोलला, हे तपासता येते. पण ऐंशी टक्के आरडाओरडा चालला होता तो "शिट्टी नाही म्हणजे गोल नाही" यावर, आणि त्याला नियमात काही आधार नाही.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्रीची फार खटकते. जादा वेळातली वीस मिनिटांहून अधिक मिनिटे शिल्लक होती. एक गोल फेडायला तेवढा वेळ खूप झाला. बाहेर निघून गेल्यामुळे संघाने ती वीस मिनिटेही घालवली आणि वर ४ कोटीही.

गंमत पुढेच आहे. केरळात फुटबॉलचे वेड किती, तर तिथल्या गावांत अर्जेंटिना आणि ब्राझील असे उघड दोन तट असतात. २०१२ साली दिएगो मॅराडोना कन्नूरला आला तेव्हा त्याला बघायला माणसांचा पूर लोटला होता. छेत्रीच्या नियमात बसणाऱ्या चलाखीवर चिडणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी मॅराडोनाचे चित्र भिंतीवर असेल. आता मॅराडोनाने काय केले होते ते आठवा.

२२ जून १९८६. मेक्सिको शहरातले अझ्टेका स्टेडियम, विश्वचषकाची उपान्त्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. फॉकलंड बेटांवरून या दोन देशांचे युद्ध होऊन चारच वर्षे झाली होती, त्यामुळे हवा आधीच तापलेली. ५१ व्या मिनिटाला इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजच्या पायाला लागून चेंडू उंच उडाला आणि त्यांच्याच गोलकडे गेला. गोलरक्षक पीटर शिल्टन मॅराडोनापेक्षा जवळजवळ वीतभर उंच, शिवाय त्याला हात वापरायची मुभा. तरी चेंडू आधी गाठला मॅराडोनाने, कारण त्यानेही हातच वापरला. डाव्या मुठीने चेंडू गोलात गेला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासेर यांना हात दिसला नाही. त्यांनी बल्गेरियाच्या रेषापंचाकडे, बोग्दान दोचेव यांच्याकडे पाहिले. तिथून निशाण वर झाले नाही. गोल दिला गेला.

थोडे डोके आणि थोडा देवाचा हात, असे मॅराडोना सामन्यानंतर हसत म्हणाला. त्याने पुढे हेही सांगितले, की गोल झाल्यावर मी सोबत्यांना म्हणालो, लवकर येऊन मिठी मारा, नाहीतर पंच गोल देणार नाही. म्हणजे चोरी तर केलीच, वर साक्षीदारही गोळा केले! चारच मिनिटांनी त्याच माणसाने निम्म्या मैदानातून एकामागून एक गडी चुकवत असा गोल केला, की आजवरच्या सर्वोत्तम गोलांत त्याची गणना होते. अर्जेंटिना २-१ ने जिंकली आणि पुढे विश्वचषकही घेऊन गेली.

दुसरा गोल इतका सुंदर होता म्हणून पहिला माफ, असे पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही. छेत्रीने जे केले ते पंचासमोर, उघड्यावर केले. मॅराडोनाने पंचाचा डोळा चुकवून केले. पहिलीला चलाखी म्हणावे, दुसरीला लबाडी. आपल्या बाजूने झाली तर लबाडीची चलाखी होते आणि विरुद्ध झाली तर चलाखीची लबाडी, एवढाच काय तो समर्थकांचा नियम दिसतो.

त्या पंचाचे पुढे काय झाले? त्याचा दोष किती, रेषापंचाचा किती, हा वाद त्या दोघांत वर्षानुवर्षे चालला. मॅराडोना मात्र २०१५ साली ट्युनिशियात बिन नासेर यांच्या घरी जाऊन त्यांना भेटला आणि स्वतःच्या सहीचा अर्जेंटिनाचा सदरा देऊन आला. बिन नासेर यांनी सामन्याचा चेंडू जपून ठेवला होता. २०२२ साली लंडनला त्याचा लिलाव झाला, तेव्हा २० लाख पौंड आले.

आता तिसरा प्रकार घ्या. यावर एकमत कधी होईल असे वाटत नाही. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग. घाना विरुद्ध उरुग्वे, पुन्हा उपान्त्यपूर्व फेरीच. आफ्रिकेतला कुठलाही देश तोवर विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत गेला नव्हता. जादा वेळही संपत आलेला, १-१ अशी बरोबरी. शेवटच्या क्षणी घानाचा चेंडू गोलात शिरणार, तोच रेषेवर उभ्या असलेल्या लुईस सुआरेझने दोन्ही हातांनी तो अडवला. तो गोलरक्षक नव्हता, साधा गडी होता. इथे पंच फसला नाही. लाल कार्ड दाखवून सुआरेझला बाहेर काढले, घानाला पेनल्टी दिली. असामोआ ज्ञानने ती मारली आणि चेंडू आडव्या खांबाला लागून वर गेला. मग पेनल्टीच्या फेरीत उरुग्वे ४-२ ने जिंकले.

नियमाने जी शिक्षा सांगितली ती सगळी झाली, सुआरेझ पुढचा सामनाही खेळला नाही. तरी घानाच्या लोकांची जखम भरली नाही आणि मला त्यात त्यांची चूक दिसत नाही. रेषेवर असलेला गोल गेला आणि बदल्यात मिळाली ती गोलची नुसती संधी. रग्बीच्या खेळात असे झाले तर पंच गुण देऊन टाकतो. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. इथे ओरडायचे तर पंचावर कशाला? नियम करणाऱ्यांवर ओरडावे. सुआरेझने पुढेही माफी मागितली नाही. पेनल्टी मी चुकवली का, असा त्याचा सवाल. २ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये हेच दोन देश पुन्हा समोर आले. घानाने पुन्हा एक पेनल्टी घालवली, उरुग्वे २-० ने जिंकले. पण दुसऱ्या सामन्यात दक्षिण कोरिया जिंकल्यामुळे उरुग्वेही स्पर्धेबाहेर गेले. सुआरेझ बाकावर बसून रडत होता आणि स्वतः हरलेले घानाचे समर्थक हसत होते.

आता तुम्ही म्हणाल, की यंत्रे आली, आता वाद कसला? २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत पाहणारे पंच आले, हे खरे. मॅराडोनाचा हात आज अर्ध्या मिनिटात पकडला असता. पण यंत्राने दाखवले तरी सांगायचे माणसानेच. ३० सप्टेंबर २०२३ ला लंडनमध्ये टॉटनहॅम आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात लुईस दियाझने गोल केला. मैदानातल्या पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. आतल्या खोलीत चित्रफीत पाहणाऱ्यांना तो चांगला गोल आहे हे बरोबर दिसले. पण मैदानावर गोल दिलाच आहे, अशा समजुतीने त्यांनी "तपासले, ठीक आहे" असे कळवले! बाहेर त्याचा अर्थ झाला, गोल नाही हेच ठीक. चूक उमगली तोवर खेळ सुरू झाला होता, आणि एकदा खेळ सुरू झाला की मागचा निर्णय फिरवता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरले. चूक झाल्याचे पंचांच्या संस्थेने त्याच रात्री कबूल केले, पण निकाल बदलला नाही. चांगले डोळे आणि चांगली यंत्रे असून नुसत्या अर्धवट बोलण्याने घात झाला.

आपल्याकडे तर खोलीही नाही आणि यंत्रही नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. तिथेही एक पंच आणि निशाण घेतलेले दोन साथीदार यांच्यावरच सारा भार. तालुक्याच्या स्पर्धेत तर तो पंच बहुधा शाळेतला क्रीडाशिक्षक असतो आणि संध्याकाळी त्याला त्याच रस्त्याने घरी जायचे असते. कुस्तीच्या फडात पंचाच्या अंगावर धावून जाण्याचे प्रकार आपण पाहिले आहेतच. २०२४ च्या युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत एक चांगली रीत पाडली गेली. पंचाशी बोलायचे ते फक्त कर्णधाराने, बाकीच्यांनी घेरले तर पिवळे कार्ड. याला एक पैसा खर्च येत नाही. आपल्या गावच्या मंडळांनी कबड्डीलाही ती लावायला हरकत नसावी.

आणि हो, पुढच्या वेळी टीव्हीवर गोलजवळ फ्री किक मिळाली, की भिंतीकडे बघू नका, पंचाच्या हाताकडे बघा. त्याने शिट्टीकडे बोट दाखवले असेल तर सगळ्यांनी थांबायचे. नसेल दाखवले, तर चेंडू केव्हाही सुटू शकतो, हे पोरांना गोल व्हायच्या आत सांगून ठेवा.