मूल मानतं ते आजीला

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचं गाव आहे. तिथे १९८० पासून गणपती मशिदीत बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, की गाव दोन्ही मिळून साजरे करतं. तिथल्या चार वर्षांच्या पोराला त्याचं नवल वाटायचं कारण नाही. पण एवढ्याशा पोराची कशावर ‘श्रद्धा’ आहे, असं म्हणता येईल का?

मुलांना प्रत्येक गोष्टीमागे हेतू दिसतो. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना विचारलं होतं, खडक टोकदार का असतात? जनावरांना अंग खाजवता यावं म्हणून, हे उत्तर लहानग्यांना पटलं. मात्र ‘कशासाठी तरी असतं’ इथून विठोबा किंवा अल्लापर्यंतची वाट घरातूनच जाते. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस यांच्या संशोधनानुसार मुलं न दिसणारे जंतू आणि न दिसणारा देव, दोन्ही मोठ्यांच्या शब्दावर खरे मानतात. त्यातही जंतूंची खात्री जास्त. साहजिकच आहे. ‘हात धू’ म्हणताना कुठली आई ‘माझा जंतूंवर विश्वास आहे’ असं सांगते?

म्हणजे मूल मानतं ते आई-आजीला. देव त्यांच्या बोटाला धरून येतो. कायदाही हे ओळखतो. अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण द्यायचं, तर राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे पालकांची संमती लागते. पण पालकांचा हा अधिकार अमर्याद नाही. सांगली-कोल्हापूर भागात नवसापोटी मुली यल्लम्मा देवीला देवदासी म्हणून सोडल्या जात. नवस मोठ्यांचा, आयुष्य पोरीचं. महाराष्ट्राच्या २००५ च्या देवदासी प्रथा निर्मूलन कायद्याप्रमाणे मुलगी अशी सोडणं हा गुन्हा आहे.

याच मातीत दुसरं उदाहरणही आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मोठ्यांनी एका पंगतीत बसवलं, मुलं बसली.

तेव्हा शाळेच्या दाखल्यावर धर्म जरूर लिहा. तो घराचा आहे, मुलाचा अजून ठरायचा आहे. उद्या त्याने ‘देवाला कुणी केलं?’ विचारलं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प बसवू नका. त्याची स्वतःची श्रद्धा, किंवा अश्रद्धा, त्या प्रश्नापासूनच सुरू होते.